हे स्थळ आता उपलब्ध नाही

जात बाजूला व्हायला किती वेळ लागतो? कॉम्प्युटरवर एक ओळ लिहायची राहून जाते, तेवढा.

हे वाक्य मी पूर्वी पत्रकात छापलं असतं. ठळक टायपात, शेवटी तीन उद्गारचिन्हं ठोकून. नगरच्या माळीवाडा स्टँडवर वाटून मोकळा झालो असतो. आता छापवत नाही. कारण ती राहिलेली ओळ पुन्हा लिहायलाही तेवढाच वेळ लागला, आणि ती लिहिली जात होती तेव्हा मी त्याच खोलीत उभा राहून भाषण ठोकत होतो.

नोकरीच्या आठवणी माणसाने पेन्शनीत निघाल्यावर लिहायच्या असतात. माझी नोकरी दुसरी दिवाळी बघायलाही टिकली नाही आणि माझी तिशी अजून लांब आहे. तरी आत्ताच लिहितो. धंदा नवा आहे, त्यातली चूकही नवी आहे. म्हातारा होईपर्यंत थांबलो तर लोक तिला गंमत म्हणतील. ती गंमत नव्हती.

मी केडगावचा. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला, वडील कारखान्यात लागले, आणि मी कॉलेज अर्धवट टाकून चळवळीत लागलो. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. पाणवठा, स्मशानाची वाट, वसतिगृहातलं जेवण. एका कागदात जगाला हलवायचं, अशी सवय. छापखानेवाला आमची पत्रकं नेहमी शेवटी घ्यायचा, म्हणून मीच त्याच्या कॉम्प्युटरवर बसून टाइप करायला शिकलो. तिथेच पाठकसरांनी मला पाहिलं.

पाठकसर तंत्रनिकेतनातली शिकवायची नोकरी सोडून सावेडीत कॉम्प्युटरचं दुकान टाकून बसले होते. वडील पंचांग बघणारे, सर देवळाचीही पायरी न चढणारे. स्वभाव असा की दुकानासमोर कुणी स्कूटर आडवी लावली तरी हा माणूस मागच्या दाराने बाहेर पडेल, पण बोलणार नाही. मला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. वेबसाईटी करायला येतोस का?"

"कुणाच्या?"

"वधू-वर मंडळांच्या."

"कुठल्या जातीच्या?"

"सगळ्या," सर म्हणाले. "मी जात मानत नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला न मानून चालतं."

ते हसले. मी नोकरी धरली. घरात पैसा लागत होता, आणि मला वाटलं, शत्रूचा किल्ला आतून बघून ठेवू.

आता धंदा समजावून सांगतो. आपल्याकडे प्रत्येक समाजाचं लग्न जुळवणारं मंडळ असतं. एक सचिव, एक रबरी शिक्का, वर्षाला एक मेळावा आणि फोटोंची एक पुस्तिका. एका मंडळाने पुण्याचं बघून वेबसाईट केली, आणि मग नगर जिल्ह्यातल्या एकेका सचिवाला झोप लागेना. सगळ्यांची मागणी एकच: "आमची साईट सगळ्यांपेक्षा वेगळी पाहिजे." वेगळी म्हणजे काय, तर वर गणपती, कडेला पताका, मधे अध्यक्षांचा फोटो. एकाने सांगितलं, पाहुणे मोजणारा आकडा शून्यापासून सुरू करू नका, बरं दिसत नाही. दुसऱ्याने पहिल्याचा रंग कुठला ते विचारलं, आणि तो सोडून कुठलाही चालेल म्हणाला.

जातींची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. वाचकाने आपापली घालून वाचावं. चुकणार नाही.

आणि सगळ्यात मोठी मौज अशी की या सगळ्या वेगळ्या साईटी मुळात एकच होत्या. केडगावला पुणे रस्त्याने मंगल कार्यालयं आहेत, ती डोळ्यांसमोर आणा. आज दारावर एका घराण्याचा बोर्ड, उद्या दुसऱ्याचा. पण मांडव तोच, पातेली तीच, आचारी तोच. तसंच हे. अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या एका कॉम्प्युटरवर सरांनी एकच प्रोग्रॅम ठेवला होता. पत्ते अनेक, कार्यालय एक. बघणारा ज्या पत्त्याने आत येईल त्या मंडळाचा बोर्ड, तो रंग, तो अध्यक्ष प्रोग्रॅम त्याच्यापुढे मांडायचा. आचाऱ्याने मीठ बदललं की सगळ्यांच्या वरणात बदलायचं. वेगवेगळ्या साईटी बांधत बसलो असतो तर जन्म गेला असता, त्यामुळे युक्ती चोख होती, आणि ती चालवायला मी शिकलो याचा मला आजही अभिमान आहे.

जिल्ह्यातल्या सगळ्या जातींची पोरंपोरी त्या कॉम्प्युटरवर एकाच तक्त्यात, एकाखाली एक होती. शेजारीशेजारी. गावात ज्यांची घरं कधी शेजारी आली नसती त्यांची नावं तिथे खेटून. मधे भिंत कसली? प्रत्येक पानाच्या प्रोग्रॅममध्ये एक अट होती: ज्या मंडळाच्या दाराने माणूस आला, त्याच मंडळाची स्थळं दाखव. एक ओळ. मी ती ओळ रोज बघायचो आणि माझे हात शिवशिवायचे. सरांना म्हणायचो, "सर, एवढी ओळ खोडली की काम झालं. पुस्तकं लिहायची गरज नाही."

"आणि धंदा झाला," सर म्हणायचे. "खोडू नकोस बाबा."

मी नाही खोडली. हे ठासून सांगतो, कारण नगरमध्ये अजूनही लोक समजतात की मीच खोडली. एका मंडळाला मेळाव्याआधी नवा 'सविस्तर शोध' हवा होता. वय, उंची, शिक्षण, तालुका असं निवडायचं, नेमकी स्थळं बघायची आणि त्याच पानावरून निरोप पाठवायचा. सरांनी तो मेळाव्याच्या सकाळी घाईघाईने स्वतः लिहिला, मधे दोनदा लाईट गेली, आणि नव्या पानात ती अट घालायची राहिली. पान एकाच मंडळासाठी लिहिलेलं, पण आचारी एकच ना! ते सगळ्यांच्या साईटीवर गेलं.

मला कळलं ते निरोपांवरून. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे सकाळी पुण्याला फोन लावायचा, मोडेमने कोंबड्यासारखं ओरडून घ्यायचं, लागला तर लागला. लागला की साईटीवर आलेले निरोप उतरवून घ्यायचो, छापायचो, आणि ज्याचे त्याला द्यायचो, कारण खेड्यात कॉम्प्युटर होता कुणाकडे? पत्ता आणि फोन साईटवर द्यायचा नाही, आडनावही नाही, ते सचिवाच्या परवानगीने नंतर, असा सगळ्या मंडळांचा नियम. साईटवर दिसायचं ते फक्त पहिलं नाव, नंबर आणि माहिती. नंबराच्या आधी मंडळाचं एक अक्षर असायचं. ते आम्हालाच कळायचं. एके सकाळी निरोप छापला आणि बघतो तर पाठवणाऱ्याचं अक्षर वेगळं, ज्याला पाठवला त्याचं वेगळं.

मी चहा बाजूला ठेवला. शोध उघडून पाहिला. सगळा जिल्हा एका पानावर होता.

आणि जात कुठेच नव्हती! का नव्हती? कारण प्रत्येक साईट एकाच जातीची, मग माहितीत जात लिहायची गरज कुणाला वाटली? ती भिंतीतच होती. भिंत पडली तशी ती पडली. उरलं काय, तर सुरेखा, बी.एस्सी., श्रीगोंदा. विजय, डिप्लोमा, राहुरी. बघणाऱ्याला वाटायचं सगळे आपल्यातलेच, आणि निरोप जायचे-यायचे. जन्मभर पत्रकं वाटून जे मला जमलं नसतं ते सरांच्या विसराळूपणाने झालं होतं.

मी सरांना सांगितलं नाही. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

तो पहिला निरोप तिसगावच्या शैलाबाईंना होता. त्यांचं सांगायलाच हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय.

शैलाबाई शिक्षिका, तिशी ओलांडलेल्या. दोन्ही हातांवर आणि मानेवर कोड. वडील एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. बाजार असो नसो, दादा तिसगावहून नगरला यायचे, दुकानाच्या पायरीवर चपला काढायचे आणि दारातूनच विचारायचे:

"काय सायेब, आलं का काय?"

"नाही दादा, अजून नाही."

"अमेरिकेत दिसतंय म्हनता, मग पाथर्डीत का दिसंना? मधी घाट लागतो का काय?"

हसायचे, पाणी प्यायचे, निघायचे. पुढच्या खेपेला परत तेच.

नाव नोंदवताना त्यांच्या मंडळाचे सचिव नाना सोबत आले होते. मी माहिती विचारत टाइप करत होतो. शैलाबाई म्हणाल्या, "कोड आहे, तेही लिहा."

नाना खुर्चीत पुढे सरकले. "ते कशाला? गाडी विकताना कुणी आपणहून पंक्चर सांगतं का?"

"मी गाडी नाही, नाना. आणि तिथे नांदायला तुम्ही जाणार आहात का? लिहा हो तुम्ही."

मी लिहिलं. मंडळात त्यांना एकही निरोप आला नाही. दादांच्या सगळ्या खेपा त्यातच गेल्या.

आणि आता हा आला. संगमनेरचा माणूस, मधुकर. कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक, पहिली बायको आजारपणात गेलेली. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून लिहिलेला, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'तुम्ही कोडाचं स्वतःहून लिहिलंत. इतकं सरळ लिहिलेलं स्थळ मी दुसरं पाहिलं नाही. मला बोलायला आवडेल.' दादांना मी तो वाचून दाखवला. दादांनी पुन्हा वाचायला लावला. मग कागद घडी करून टोपीखाली ठेवला. "खिशात घामानं भिजतो," म्हणाले.

पुढच्या खेपेपासून दादांबरोबर शैलाबाई स्वतः येऊ लागल्या. उत्तर हाताने लिहून आणायच्या, मी टाइप करून पाठवायचो. काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगतो की प्रयोगशाळेतल्या बेडकांवरून एकदा दोघांचं लुटुपुटीचं भांडणही झालं. एका निरोपात मधुकररावांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. शैलाबाईंनी ते वाचलं आणि कागद पालथा घातला. दादा बाहेर पान खायला गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"होतं."

"त्यांना माहीत असेल?"

"तुम्ही नाव लिहिलंत की कळेल."

मला राहवलं नाही. मी सुरू झालो, की बाई, हीच वेळ आहे, समाजाला दाखवून द्यायची...

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला समाजाला काही दाखवायचं नाही. मला दादांना सांगायचंय. ते मी सांगेन, माझ्या पद्धतीने. तुम्ही मधे बोलू नका."

दोघांत वरचं कोण आणि खालचं कोण, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. आपल्याला ते कशाला पाहिजे, याचं उत्तर आधी त्याने द्यावं.

त्यांनी मधुकररावांना पूर्ण नाव कळवलं. त्यांचं उत्तर आलं: 'मला चालतं. तुमचं सांगा.' मग शैलाबाईंचा शेवटचा निरोप गेला. मीच टाइप केला, म्हणून पाठ आहे: 'मलाही चालतं. दिवाळीच्या सुटीत तिसगावला येणार का ते कळवा. तुमचं हो आलं की दादांना सांगते आणि पत्ता पाठवते.'

मी म्हटलं, "पत्ता आत्ताच देऊन टाका की."

"आधी त्यांचं हो येऊ दे. दादांना दोनदा धक्का नको."

बरोबरच होतं. उत्तर यायला किती लागणार? दोन-चार दिवस.

तेवढ्यात नानांना कुणाचा तरी पत्ता मागणारा अर्ज आला आणि तो नंबर त्यांच्या यादीत सापडेना. त्यांनी दुसऱ्या सचिवाला फोन केला. दुसऱ्याकडेही तसंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दुकानातल्या बाकड्यावर जिल्ह्यातले सचिव ओळीने येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका बाकावर. त्यात आमच्या बौद्ध मंडळाचे सचिवही होते, ते माझे सख्खे मामा.

सरांनी चहा मागवला आणि मंगल कार्यालयाचं उदाहरण देऊन सगळं समजावून सांगायला गेले. तीच चूक झाली.

"म्हणजे आमची वेबसाईट ह्यांच्याच घरात हाय?" एक सचिव उठून उभे राहिले.

"घरात नाही हो, एकच कार्यालय, बोर्ड निराळे..."

"कार्यालय एक असलं तरी एका येळी एकच लग्न असतंय पाठकसर! तुमी समद्यांची वरात एकदमच आत घेतली!"

बाकडं हसलं. सरही हसले. मला वाटलं, आता निवळतंय. पण नानांनी माझ्याकडे बोट केलं. "हे ह्या पत्रकवाल्याचं काम आहे. सरांना कशाला बोलता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगणार होते, की चूक माझी. त्यांचं तोंड उघडलेलं मी बघितलं. पण त्यांच्या आधी माझं उघडलं. कारण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्यापुढे एवढी सभा कधी आपणहून चालून आली नव्हती.

"आणि मी केलं असेल तर?" मी टेबलावर हात आपटला. "तुम्ही म्हणता आम्ही निराळे! तुमच्या एकाही माणसाला इतके दिवस समोरच्याची जात ओळखता आली? नाक बघून आली? उंची बघून आली? मग निराळे कुठून? तुम्ही पोरांची लग्नं जमवत नाही, कुंपणं राखता!"

अजून पुष्कळ बोललो. चांगलं बोललो, हे मला तेव्हाही कळत होतं. मामा मधेच म्हणाले, "भाचा, पुरे. भाषण तुझं, पन उद्या आपल्या पोरीच्या नावानं गावात काय झालं तर मार कुनाला पडतो? तुला म्हाईत न्हाई का?"

मी मामांना म्हटलं, "भित्र्यांच्या मंडळाचे सचिव आहात तुम्ही." मामांना, बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर. त्यांच्या आजोबांना गावात काय सोसावं लागलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

सगळ्या जातींचं मग एकमत झालं, माझ्या माहितीप्रमाणे जिल्ह्यात पहिल्यांदाच: ते पान आत्ताच्या आत्ता, आमच्यासमोर बंद करा.

सरांनी मला म्हटलं, "अट घाल तेवढी."

"मी घालणार नाही."

सर मुकाट्याने माझ्या खुर्चीत बसले, कारण मी उठून उभाच होतो. त्यांनी ओळ लिहिली. फोन लावला. मोडेम ओरडायला लागलं. मी त्याच्या वरताण ओरडत होतो. माझं शेवटचं वाक्य संपलं तेव्हा ओळ अमेरिकेत पोचली होती. मी कागद ओढला, राजीनामा लिहिला, आणि दार आपटून बाहेर पडलो.

मित्रांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. 'एका ओळीने हादरल्या भिंती' असं पत्रक निघालं. कुणी लिहिलं ते सांगायला नकोच.

आणि शैलाबाई? खरं सांगतो, मला वाटलं त्यांचं झालं असेल. दोघांचं ठरलंच होतं, एक 'हो' यायचं बाकी होतं. मी सभांत सांगायचो, की एक तरी लग्न त्या फटीतून पार पडलं. लोक टाळ्या वाजवायचे.

संक्रांत झाल्यावर विजेच्या बिलाच्या रांगेत सर भेटले. तब्येत वगैरे झाली. मग इकडे-तिकडे बघत म्हणाले, "तो संगमनेरचा माणूस दुकानात आला होता, तू गेलास त्याच आठवड्यात."

"मधुकरराव? कशाला?"

"निरोप पाठवला तर त्याला उत्तर आलं म्हणे. हे स्थळ आता उपलब्ध नाही, शुभेच्छा. विचारत होता, बाईंचं दुसरीकडे जमलं का."

मी रांगेतून बाहेर आलो. ते वाक्य माझं होतं. एखाद्याचं लग्न जमलं की त्याचा नंबर काढायचो, आणि त्या नंबरावर कुणी निरोप पाठवला तर प्रोग्रॅमने आपोआप द्यायचं उत्तर म्हणून मीच ते लिहिलं होतं. सरांचं मूळ उत्तर लांबलचक होतं. मी ते कापून आटोपशीर केलं, पत्रकाच्या शिस्तीत. प्रोग्रॅमला जमलेलं स्थळ आणि भिंतीपलीकडचं स्थळ यांत फरक कळत नाही. त्याच्या मंडळाच्या दाराने बघितलं तर शैलाबाई नव्हत्याच. मग काय, शुभेच्छा! सगळ्या साईटींना एकच उत्तर. आचारी एकच.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"काय सांगणार? सगळ्या सचिवांना शब्द दिला होता. म्हटलं, असं स्थळ तुमच्या मंडळात नाही." सरांनी चष्मा पुसला. "तो म्हणाला, होतं का? मी म्हटलं, नाही."

"सर!"

"तू असतास ना," ते म्हणाले, "तर मी आतल्या खोलीत निघून गेलो असतो. तुझ्यावर सोडून. तू असायला हवा होतास."

मी म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही, मी आजच संगमनेरला जातो. सरांनी मान हलवली. त्याच्या मंडळाने जमलेल्या लग्नांची नावं पाठवली होती, त्यात तो होता. सरांनीच ते साईटवर चढवलं होतं. अक्षता पडूनही झाल्या होत्या.

मी तिसगावला गेलो. न जाऊन चाललं असतं, पण मग मी कुठल्या तोंडाने पत्रकं लिहिणार होतो? दादा ओट्यावरच होते. मला बघून उठले. आनंदाने आत हाक मारली, "शैला, नगरचं सायेब आल्यात!" आणि दूध आणायला स्वतः बाहेर पडले.

शैलाबाई मटकी निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओळ, उत्तर, सर. त्यांचे हात चालूच होते.

"म्हणजे हो म्हणाले होते ते," त्या म्हणाल्या.

"हो. निरोप पाठवला होता. मग नगरपर्यंत आले होते."

"मला वाटलं, नाव कळल्यावर घरच्यांनी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मटकीतला खडा उचलून बाजूला ठेवला. "आणि त्यांना वाटलं असेल, मी दुसरीकडे होकार दिला. त्यांना घरी बोलावून."

त्यांनी मटकीची पुढची मूठ पसरली.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"मी राजीनामा दिला होता."

"कशासाठी?"

आता खोटं काय बोलणार. "तुमच्यासाठीच," मी म्हटलं. "म्हणजे, तुमच्यासारख्यांसाठी."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्यासाठी उठायचं कशाला होतं?" त्या म्हणाल्या. "बसायचं होतं की. आणखी चार दिवस."

दादा दूध घेऊन आले. चहा झाला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी गेल्यावर दुकानात विचारलं तर सर 'काही आलं नाही' म्हणाले होते; त्यांच्या लेखी संगमनेरचा पाहुणा आपसूक गप्प झाला होता, जसे आजवर बाकीचे झाले. शैलाबाई मला एवढंच म्हणाल्या, "दादांना नका सांगू. आता सांगून काय करायचं?"

स्टँडवर सोडायला दादा आले. गाडीला वेळ होता. ड्रायव्हरच्या नजरेने त्यांनी उभ्या एस.टी.चे टायर बघितले, पायाने दाबले. मग म्हणाले, "सायेब, ती तुमची वेबसाईट चालू हाय का अजून?"

"आहे."

"न्हाई, म्हनलं, कुनी म्हनंल, लई दिवस झाले, काढून टाका. तर पोरीचं नाव काढू नका. ऱ्हाऊ द्या तिथं. कुनाला दिसंल कवातरी."

ते ठेवणं-काढणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. त्या खुर्चीत आता दुसरं कुणीतरी बसत होतं. "बरं दादा," मी म्हटलं, आणि गाडीत चढलो.